व्यक्तिचित्र आणि त्याचे संग्राहक : मेला मुटर यांच्या चित्रसंपदेच्या संदर्भात

प्रस्तावना

व्यक्तिचित्राचा विचार करताना सामान्यतः दोन व्यक्ती विचारात घेतल्या जातात. एक, जिचे चित्र काढले जाते ती. आणि दुसरी, जी चित्र काढते ती. परंतु चित्र पूर्ण झाल्यानंतर त्याचे पुढे काय होते हे ठरविणारी एक तिसरी व्यक्तीही असते. ती म्हणजे संग्राहक. राजघराणी, धर्मपीठे किंवा स्थिर राष्ट्रीय संग्रहालये यांच्या आश्रयाने वाढलेल्या कलेच्या बाबतीत या तिसऱ्या व्यक्तीचे कार्य फारसे लक्षात येत नाही, कारण तेथे चित्राला घर आधीपासूनच असते. ज्यांना स्वतःचे राज्य नव्हते, ज्यांनी मायदेश सोडला आणि ज्यांच्या समाजाचा पुढे महायुद्धात संहार झाला, अशा चित्रकारांच्या बाबतीत मात्र चित्र टिकले की नाहीसे झाले, हे बहुतांशी संग्राहकावरच अवलंबून राहिले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पॅरिसमध्ये काम करणारे पोलिश-ज्यू चित्रकार हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात त्यांपैकी मेला मुटर (१८७६–१९६७) या चित्रकर्तीची व्यक्तिचित्रे आणि त्यांचे संग्राहक यांचा विचार केला आहे.

१. ऐतिहासिक पार्श्वभूमी

१७९५ मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन सत्तांनी पोलंडची अखेरची वाटणी केली आणि ते राज्य युरोपच्या नकाशावरून नाहीसे झाले. १९१८ पर्यंत ही स्थिती कायम होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वॉर्सा हे शहर रशियन साम्राज्याच्या अमलाखाली होते, तर क्राकोव्ह ऑस्ट्रियाच्या. क्राकोव्ह येथील कला अकादमी ही पोलिश कलाशिक्षणाची प्रमुख संस्था. परंतु पहिले महायुद्ध संपेपर्यंत तेथे स्त्रियांना नियमित विद्यार्थिनी म्हणून प्रवेश नव्हता. साहजिकच कलेचे गंभीर शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या तरुणांना, आणि विशेषतः तरुणींना, पॅरिसची ओढ वाटे. तेथील खाजगी अकादमींत शुल्क भरून कोणालाही नग्न मानवाकृतीचा अभ्यास करता येत असे.

क्राकोव्हमध्ये १८९१ साली जन्मलेले मोईझ किसलिंग १९१० मध्ये पॅरिसला आले. एउगेनिउश झाक, लेओपोल्ड गॉटलीब हेही याच पिढीचे. या सर्वांची भाषा व शिक्षण पोलिश, जन्म ज्यू कुटुंबात आणि कर्मभूमी फ्रान्स होती. त्यामुळे त्यांना नेमके कोणत्या देशाच्या कलेत गणावे, हा प्रश्न त्यांच्या हयातीतच उभा राहिला. १९२४ मध्ये पॅरिसच्या ‘सालों दे अँदेपाँदाँ’ या प्रदर्शनात चित्रकारांची मांडणी राष्ट्रीयत्वानुसार करण्यात आली, तेव्हा त्यावर मोठा वाद झाला. पुढील वर्षी समीक्षक आंद्रे वार्नो यांनी परदेशी कलावंतांच्या बाजूने लिहिताना ‘एकोल द पारी’, म्हणजे पॅरिसचे घराणे, ही संज्ञा रूढ केली. या संज्ञेमुळे या कलावंतांना एक पत्ता मिळाला. परंतु राष्ट्रीय संग्रहालयांच्या दृष्टीने ते परकेच राहिले. फ्रेंच संग्रहालयांसाठी ते पोलिश होते आणि पोलिश संग्रहालयांसाठी पॅरिसचे. संग्राहकाचे महत्त्व समजून घेण्यासाठी ही कोंडी ध्यानात घेणे आवश्यक आहे.

२. मेला मुटर : अल्प परिचय

मेला मुटर यांचे मूळ नाव मारिया मेलानिया क्लिंग्सलांड. वॉर्सातील एका सुखवस्तू, पोलिश संस्कृतीशी एकरूप झालेल्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांचे वडील व्यापारी व साहित्य-कलांचे आश्रयदाते होते. मिवोश कोतार्बिन्स्की यांच्या स्त्रियांसाठी असलेल्या चित्रशाळेत त्यांनी प्राथमिक शिक्षण घेतले. १८९९ मध्ये लेखक व समीक्षक मिखाऊ मुटरमिल्ख यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे याच आडनावाचे संक्षिप्त रूप त्यांनी चित्रांवरील सहीसाठी स्वीकारले. १९०१ मध्ये पती व लहान मुलासह त्या पॅरिसला आल्या. कोलारोसी आणि ग्राँद शोमिएर या अकादमींत त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. (याच ग्राँद शोमिएरमध्ये पुढे अमृता शेर-गिल यांनीही शिक्षण घेतले, हे येथे नमूद करण्यास हरकत नाही.) १९०२ पासून पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनांत मुटर यांची चित्रे लागू लागली.

पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकात त्यांच्या व्यक्तिगत जीवनावर आघातांमागून आघात झाले. युद्धविरोधी चळवळीतील तरुण समाजवादी नेते रेमों लफेव्र यांच्याशी त्यांचे निकटचे संबंध होते. रशियाहून परतताना १९२० मध्ये लफेव्र समुद्रात बेपत्ता झाले. १९२४ मध्ये त्यांचा एकुलता एक मुलगा आंजेय निधन पावला. कवी रायनर मारिया रिल्के यांच्याशी जुळलेला स्नेहही १९२६ च्या अखेरीस रिल्के यांच्या मृत्यूने संपला. दरम्यान १९२३ मध्ये त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला होता आणि १९२७ मध्ये त्यांना फ्रेंच नागरिकत्व मिळाले. व्यावसायिक दृष्ट्या हाच त्यांच्या भरभराटीचा काळ. १९२८ च्या सुमारास पॅरिसमधील त्यांच्या चित्रशाळेसह घराचा आराखडा ऑग्युस्त पेरे यांच्यासारख्या अग्रगण्य वास्तुशिल्पज्ञाने तयार केला, यावरून त्यांच्या त्या काळातील प्रतिष्ठेची कल्पना येते.

दुसऱ्या महायुद्धाने ही स्थिती पालटली. ऑक्टोबर १९४० च्या व्हिशी सरकारच्या कायद्याने ज्यू कोण हे आजी-आजोबांवरून ठरविले. त्यामुळे धर्मांतराचे संरक्षण उरले नाही. मुटर यांनी युद्धाची वर्षे दक्षिण फ्रान्समध्ये आव्हिन्यों परिसरात काढली. युद्धानंतर त्या पॅरिसला परतल्या त्या हलाखीच्या स्थितीत. दृष्टी अधू होत गेली. १९६५ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर ती काही अंशी परत आली. १४ मे १९६७ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

३. व्यक्तिचित्रांची वैशिष्ट्ये

मुटर यांनी निसर्गचित्रे, स्थिरचित्रे, ब्रिटनीतील कोळी व कष्टकरी स्त्रिया, तसेच आई व मूल या विषयावर असंख्य चित्रे काढली. तथापि त्यांची कीर्ती प्रामुख्याने व्यक्तिचित्रांवर उभी आहे. त्यांच्या व्यक्तिचित्रांत तीन गोष्टी विशेषत्वाने आढळतात.

पहिली म्हणजे पृष्ठभागाचा वापर. त्या पुष्कळदा जाड, खरखरीत विणीच्या कापडावर, अस्तर न देता किंवा अत्यल्प अस्तर देऊन रंगवीत. तैलरंग कोरडा व जाड लावलेला असे आणि मधूनमधून कापड तसेच उघडे सोडलेले असे. या उघड्या जागा अपूर्ण वाटत नाहीत. त्या चित्राच्या रंगसंगतीचाच भाग होतात. चेहऱ्याच्या सुरकुत्या, कपड्याची घडी आणि कापडाची वीण एकमेकांत मिसळून जातात.

दुसरी गोष्ट म्हणजे हातांचे महत्त्व. मुटर यांच्या व्यक्तिचित्रांत हात क्वचितच दुय्यम असतात. चेहरा सावध असला तरी हात माणसाचे वय, त्याचा व्यवसाय, त्याचा थकवा सांगून जातात.

तिसरी गोष्ट म्हणजे खुशामतीचा अभाव. चित्र काढून घेणारी व्यक्ती पैसे देणारी असली तरी तिला अधिक देखणे करून दाखविण्याचा प्रयत्न त्यांनी केला नाही. व्यावसायिक व्यक्तिचित्रकारासाठी ही वृत्ती धोक्याची ठरू शकते. तरीही पॅरिसमधील लेखक, कलावंत व विचारवंतांच्या वर्तुळात त्यांच्याकडून चित्र काढून घेणाऱ्यांची वाण नव्हती. कादंबरीकार आंरी बार्ब्युस यांचे त्यांनी काढलेले चित्र याच वर्तुळातील आहे.

४. संग्राहक हाच चित्रविषय

मुटर यांच्या व्यक्तिचित्रांपैकी दोन चित्रे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहेत, कारण त्यांतील व्यक्ती स्वतःच चित्रविक्रेत्या व संग्राहक होत्या.

पहिले चित्र बार्सिलोनाचे कलादालनचालक जुझेप दाल्माऊ (१८६७–१९३७) यांचे. दाल्माऊ यांच्या कलादालनाचे स्थान स्पेनच्या आधुनिक कलेच्या इतिहासात अनन्यसाधारण आहे. १९१२ मध्ये त्यांनी घनवादी चित्रांचे प्रदर्शन भरविले. मार्सेल द्युशाँ यांचे पुढे गाजलेले, जिन्यावरून उतरणाऱ्या नग्नाकृतीचे चित्र त्यात होते. जोअन मिरो यांचे पहिले एकल प्रदर्शन १९१८ मध्ये आणि साल्वादोर दाली यांचे १९२५ मध्ये याच दालनात झाले. या सर्वांच्या आधी, १९११ मध्ये, दाल्माऊ यांनी मेला मुटर यांचे एकल प्रदर्शन भरविले होते. त्याच सुमारास मुटर यांनी काढलेले दाल्माऊ यांचे तैलचित्र आज बार्सिलोनाच्या कातालुन्या राष्ट्रीय कला संग्रहालयात आहे. वॉर्सात जन्मलेल्या, पॅरिसमध्ये राहणाऱ्या चित्रकर्तीची ही कृती तेथे आहे ती मुख्यतः दाल्माऊ यांच्यामुळे. कारण कातालुन्याच्या कलेतिहासाला दाल्माऊ हवे आहेत आणि त्यांचा चेहरा मुटर यांनी टिपला आहे.

दुसरे चित्र पॅरिसचे विख्यात चित्रविक्रेते आंब्रवाझ व्होलार यांचे, पहिल्या महायुद्धाच्या काळातील. व्होलार यांची व्यक्तिचित्रे सेझान यांनी १८९९ मध्ये, रन्वार यांनी १९०८ मध्ये आणि पिकासो यांनी १९१० मध्ये काढली होती. सेझान यांच्यासमोर आपल्याला ११५ वेळा बसावे लागले, असे व्होलार यांनी नंतर लिहून ठेवले आहे. चित्रविक्रेता चित्रकाराचे भवितव्य घडवितो, तर व्यक्तिचित्राच्या वेळी तोच चित्रकारापुढे निमूटपणे बसतो. काही तासांपुरता अधिकार उलटा होतो. व्होलार यांनी याचा उपयोग स्वतःच्या प्रतिमेसाठी करून घेतला. मुटर यांच्यासाठी मात्र या मालिकेत समाविष्ट होणे ही एका परदेशी स्त्रीला पॅरिसच्या कलाव्यवहाराने दिलेली मान्यता होती.

५. व्यक्तिचित्राची बदलती ओळख

व्यक्तिचित्राच्या प्रवासात साधारणतः तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात ते चित्रातील व्यक्तीच्या नावाने ओळखले जाते. कुटुंबात ते ‘आजोबांचे चित्र’ असते आणि आजोबांची आठवण असेपर्यंत भिंतीवर राहते. दोन-तीन पिढ्यांनंतर, घर बदलताना किंवा वाटण्या होताना ते विक्रीस येते. या वेळी व्यक्तीचे नाव पुष्कळदा गळून पडते आणि ‘एका स्त्रीचे चित्र’, ‘बसलेला पुरुष’ अशी शीर्षके पुढे येतात. आता त्याचे मूल्य चित्रकाराच्या सहीवर ठरते. हा दुसरा टप्पा. चित्रकाराचे नाव विसरले गेले असेल तर चित्र येथेच संपते. त्याची चौकट तेवढी विकली जाते. एखाद्या जाणकार संग्राहकाने ते उचलले तर मात्र तिसरा टप्पा सुरू होतो. त्यात चित्र ‘अमुक यांच्या संग्रहातील’ म्हणून ओळखले जाते.

हे सर्व टप्पे मिळून चित्राच्या मालकीची परंपरा तयार होते. चित्र कोणाकडून कोणाकडे गेले याची ही साखळी अभ्यासक प्रदर्शनांच्या सूची, विक्रीच्या नोंदी, पत्रव्यवहार आणि चित्राची मागील बाजू यांवरून जुळवितात. चौकटीच्या लाकडावर चिकटविलेल्या प्रदर्शनाच्या चिठ्ठ्या, जकातीचे शिक्के, जुने क्रमांक यांना पुराव्याचे मूल्य असते. १९३३ ते १९४५ या काळात नाझी राजवटीने ज्यू कुटुंबांची मालमत्ता मोठ्या प्रमाणावर लुटली असल्याने या वर्षांतील दुवा विशेष काटेकोरपणे तपासला जातो. १९९८ च्या वॉशिंग्टन परिषदेत ४४ देशांनी अशा कलाकृती ओळखून न्याय्य तोडगा काढण्याविषयीची तत्त्वे मान्य केली, तेव्हापासून मालकीची परंपरा ही केवळ अभ्यासाची बाब राहिलेली नाही. तिला नैतिक महत्त्वही आले आहे.

मुटर यांच्या बाबतीत चित्राची मागील बाजू आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. त्यांचे काही कॅनव्हास दोन्ही बाजूंनी रंगविलेले आहेत. अशा वेळी पुढची बाजू कोणती, हा निर्णय संग्राहक घेतो. एका बाजूला व्यक्तिचित्र आणि दुसऱ्या बाजूला निसर्गदृश्य असेल, तर भिंतीकडे तोंड करून कोणी राहायचे, हे त्याच्या आवडीवर ठरते.

६. विस्मरण आणि पुनर्शोध

मुटर यांचे निधन झाले तेव्हा चित्रे सांभाळणारा मुलगा मागे नव्हता. मायदेशात साम्यवादी राजवट होती आणि परदेशस्थ कलावंतांविषयी तेथील सरकारी संस्थांची भूमिका थंड होती. अशा स्थितीत त्यांच्या कामाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले ते खाजगी प्रयत्नांमुळे. १९६० च्या दशकात कोलोन येथे अँतोनिना ग्मुझिन्स्का यांच्या कलादालनाने त्यांची चित्रे दाखविली. पोलिश संग्राहक बोलेस्वाव व लीना नाव्रोत्स्की या दांपत्याने त्यांची चित्रे मोठ्या संख्येने जमविली. १९९४ मध्ये वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात मुटर यांचे जे मोठे प्रदर्शन झाले ते याच संग्रहाच्या आधारे. जन्मगावच्या राष्ट्रीय संग्रहालयाला आपल्या चित्रकर्तीची ओळख करून देण्यासाठी एका दांपत्याच्या घरातील चित्रांवर विसंबावे लागले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. पुढे तोरून येथील विद्यापीठ संग्रहालयाच्या द्वारे या संग्रहातील चित्रे अभ्यासकांना उपलब्ध झाली.

दुसरे उल्लेखनीय नाव टेनिसपटू वोइचेख फिबाक यांचे. व्यावसायिक स्पर्धांच्या निमित्ताने जगभर फिरत असताना त्यांनी पॅरिसमधील पोलिश चित्रकारांची चित्रे विकत घेतली. हे चित्रकार तेव्हा विस्मृतीत असल्याने त्यांची चित्रे पिकासो किंवा मोदिल्यानी यांच्या तुलनेत आवाक्यातील होती. १९९२ मध्ये फिबाक संग्रहाचे प्रदर्शन वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात झाले आणि एका संपूर्ण पिढीला ‘पॅरिसच्या घराण्या’तील पोलिश शाखेचा परिचय झाला. १९८९ नंतर पोलंडमध्ये खुली बाजारपेठ आली, लिलावगृहे उभी राहिली आणि या चित्रांना मागणी वाढली. २०१० मध्ये मारेक रेफ्लेर यांनी वॉर्साजवळच्या कोन्स्तान्चिन येथे ‘व्हिला ला फ्लेर’ हे खाजगी संग्रहालय सुरू केले. ते मुख्यतः याच चित्रकारांना वाहिलेले आहे.

७. तीन चित्रकार, तीन भवितव्ये

मुटर यांच्या समकालीनांशी तुलना केल्यास संग्राहकाचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. किसलिंग यांनी १९४० मध्ये फ्रान्स सोडून अमेरिका गाठली व १९४६ मध्ये ते परतले. १९५३ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र ज्याँ किसलिंग यांनी वडिलांच्या चित्रांची समग्र सूची सिद्ध केली. तिचा पहिला खंड १९७१ मध्ये निघाला. समग्र सूची म्हणजे चित्रकाराच्या प्रत्येक ज्ञात कृतीची छायाचित्र, मापे व मालकी यांसह केलेली नोंद. अशी सूची असली की बनावट चित्र ओळखणे सुकर होते आणि खऱ्या चित्राला भक्कम आधार मिळतो.

रोमान क्राम्श्तिक यांचे नशीब वेगळे होते. १८८५ साली वॉर्सात जन्मलेले हे चित्रकार व्यक्तिचित्रणात निष्णात होते. कवी यान लेखोन यांचे त्यांनी १९१९ मध्ये काढलेले चित्र प्रसिद्ध आहे. पॅरिसमध्ये अनेक वर्षे काढलेले क्राम्श्तिक १९३९ मध्ये वॉर्सात असताना युद्ध सुरू झाले आणि ते परत जाऊ शकले नाहीत. वॉर्साच्या ज्यू वस्तीत कोंडले गेल्यावरही ते भोवतालच्या उपाशी माणसांची रेखाटने करीत राहिले. १९४२ मध्ये तेथेच त्यांना ठार मारण्यात आले.

हत्या झालेल्या अशा चित्रकारांचे काम जाणीवपूर्वक जमविणारे संग्राहक म्हणून ऑस्कर गेझ यांचा निर्देश करावा लागतो. ट्युनिशियात जन्मलेल्या या उद्योजकाने १९६८ मध्ये जिनीव्हात ‘पती पाले’ हे संग्रहालय उघडले. त्यात किसलिंग यांची महत्त्वाची चित्रे होती. १९७८ मध्ये त्यांनी नाझी संहारात बळी पडलेल्या १८ कलावंतांच्या १३७ कलाकृती हैफा विद्यापीठाला दिल्या. या कृतींची निवड बाजारभाव पाहून केलेली नव्हती. ते स्मारक होते. तथापि १९९८ मध्ये गेझ यांच्या निधनानंतर जिनीव्हाचे संग्रहालय लोकांसाठी बंद झाले. खाजगी संग्रहाची शक्ती आणि त्याची मर्यादा या एकाच उदाहरणात दिसून येते.

८. संग्राहकाच्या दृष्टीच्या मर्यादा

संग्राहकांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. प्रत्येक संग्राहक चित्राला आपल्या गरजेचा अर्थ देतो. पोलिश संग्राहकासाठी मुटर या परत मिळालेल्या पोलिश चित्रकर्ती आहेत. ज्यू कलेच्या अभ्यासकासाठी त्या नष्ट झालेल्या जगाच्या प्रतिनिधी आहेत. स्त्रीवादी समीक्षेला त्यांच्यात पॅरिसच्या पुरुषप्रधान कलाव्यवहारात स्वतःच्या कमाईवर उभी राहिलेली स्त्री दिसते, तर बार्सिलोनासाठी त्या दाल्माऊ यांच्या चित्रकर्ती आहेत. यांपैकी कोणतीही ओळख खोटी नाही. परंतु कोणतीही एक पुरेशीही नाही. पोलिश भाषेत वाढलेल्या, ज्यू कुटुंबात जन्मलेल्या, कॅथलिक झालेल्या आणि फ्रेंच नागरिक म्हणून मृत्यू पावलेल्या या स्त्रीला एकाच दालनात बसविणे म्हणजे तिच्या आयुष्याचा मोठा भाग दालनाबाहेर ठेवणे होय.

दुसरी मर्यादा व्यावहारिक आहे. बाजारात नावाला किंमत आली की बनावट चित्रेही येतात आणि चित्रे वेगाने हात बदलू लागतात. एकत्र असलेला संग्रह विभागला गेला की चित्रांचा परस्परसंबंध तुटतो. म्हणून संग्राहकाने केवळ चित्र जपून भागत नाही. त्याची कागदपत्रे, मागील बाजूच्या खुणा आणि चित्रातील व्यक्तीचे नाव हेही जपावे लागते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) राज्य व समाज यांचा आधार तुटलेल्या चित्रकारांच्या बाबतीत खाजगी संग्राहकांनी काही काळ राष्ट्रीय संग्रहालयांचेच कार्य पार पाडले. मुटर यांच्या १९९४ च्या वॉर्सातील प्रदर्शनावरून हे स्पष्ट होते.

(२) व्यक्तिचित्राची ओळख क्रमाने चित्रातील व्यक्ती, चित्रकार आणि संग्राहक यांच्या नावाने टिकते. यांपैकी एक दुवा तुटला तर दुसरा चित्राला वाचवू शकतो. दाल्माऊ यांच्या चित्रात तिन्ही दुवे एकत्र आलेले आढळतात.

(३) वारस, समग्र सूची आणि सार्वजनिक संस्थेकडे हस्तांतर या तीन गोष्टींवर खाजगी संग्रहाचे दीर्घकालीन मूल्य अवलंबून असते. किसलिंग यांना पहिल्या दोन लाभल्या, मुटर यांना तिसरी काही अंशी लाभली.

(४) संग्राहकाची निवड ही एक प्रकारची टीकाच असते. काय जपले याबरोबरच कोणत्या नावाखाली जपले, याचाही अभ्यास कलेतिहासकाराने करणे आवश्यक आहे. क्राम्श्तिक यांच्यासारख्या, ज्यांना स्वतःचे काम जमवून ठेवण्याची संधीच मिळाली नाही, त्यांच्या संदर्भात या अभ्यासाचे मोल अधिकच आहे.